फणसापलीकडचे दोन गुंठे

"लिही," हे म्हणाले. "मावळच्या मातीत आजवर दोनच गोष्टी नामी निपजल्या. एक इंद्रायणी तांदूळ आणि दुसरी माझी नजर. धुकं असो, पाऊस असो की शनिवार-रविवारची गर्दी असो, हौशीरामच्या नजरेतून गुन्हेगार सुटत नाही. खाली लिही, मुक्काम टाकवे बुद्रुक, सध्या लोणावळा."

मी लिहिलं, कारण मी त्यांची सहायक आहे. या नोकरीत पगार नाही, रजा नाही, आणि राजीनामा द्यायचा तर आधी माझ्या माहेरी वडिवळ्याला कळवावं लागेल. ऑफिसात मी त्यांना साहेब म्हणायचं आणि घरी अहो, असा नियम आहे. ऑफिस म्हणजे बाजारामागच्या बोळातलं माझं शिवणाचं दुकान. पडद्याच्या अलीकडे माझं मशीन, पलीकडे त्यांचं स्टूल. दारावरच्या पाटीवर वर 'हौशीराम डिटेक्टिव्ह सर्व्हिस, संशय आमचा, समाधान तुमचं' असं आहे आणि खाली 'येथे फॉल-पिको करून मिळेल' असं आहे. गिऱ्हाईक येतं ते खालची ओळ वाचून. वरची ओळ त्यांना हे स्वतः वाचून दाखवतात.

निवृत्त होईपर्यंत हे तळेगावच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी इन्चार्ज होते. कामगारांचे डबे उघडून बघणं हे काम. एवढ्या वर्षांत एकदाच चोरी पकडली, तीही वांग्याच्या भाजीखाली ठेवलेल्या एका लोखंडी नटाची. तो नट भाजीत चुकून पडला होता हे पुढे सिद्ध झालं, पण यांना शोधाची चटक लागली ती लागलीच.

तर गोष्ट यशोधराची. यशोधरा लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तुंगार्लीला तिच्या वडिलांचं, विठ्ठलआबांचं, घर आहे. आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून यशोधरा त्यांच्याजवळ राहते. त्या दिवशी ती पंजाबी ड्रेस शिवायला टाकायला आली, मी मापं घ्यायला लागले, आणि हात वर केल्या केल्या तिला रडू आलं. मला वाटलं टेप कुठं टोचली. मग तिने सांगितलं.

आबांना राहतं घर यशोधराच्या नावावर करायचं होतं. भाऊ विक्की, तळेगावला कंपनीत असतो, त्याचा अर्धा वाटा तिने पैशांत द्यायचा असं दोघा भावंडांचं आनंदाने ठरलं. घराची किंमत कळावी म्हणून बँकेकडून व्हॅल्युअर बोलावली. तिने घर बघितलं, प्लॉट मोजला आणि रिपोर्ट पाठवला. तो रिपोर्ट आला आणि आनंद संपला.

कारण शेजारी भिकाजीकाकांचं घर. भिकाजीकाका आबांचे रेल्वेतले जोडीदार. दोघांनी एकाच दिवशी, लागून लागून, सहा-सहा गुंठ्यांचे प्लॉट घेतले, एकाच गवंड्याकडून एकसारखी घरं बांधून घेतली. एवढी एकसारखी, की सुरुवातीला दोघेही संध्याकाळी कधीमधी चुकीच्या दारात चपला काढायचे. भिकाजीकाकांच्या घराची किंमत गेल्या वर्षीच निघाली होती. आबांचं घर त्याहून बरंच कमी भरलं. रिपोर्टात कारण होतं, कागदावर सहा गुंठे, जागेवर चार. या दोन्हींतलं जे कमी ते धरायचं, अशी व्हॅल्युएशनची पद्धत असते.

विक्की म्हणाला, किंमत कमी भरली की ताईला कमी द्यावं लागतं, म्हणजे ताईनेच व्हॅल्युअरला काहीतरी सांगितलं. यशोधरा म्हणाली, मी तेव्हा ड्यूटीवर होते. तो म्हणाला, सगळ्यांच्या ड्यूट्या मला माहीत आहेत. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. पंधरा दिवसांनी सह्यांची तारीख होती आणि तो येणार नाही म्हणून बसला होता. आबांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं, ते मात्र रोज विचारायचे, विक्की कधी येतोय.

"पैसे जास्त द्यायला मी तयार आहे, मावशी," ती म्हणाली. "पण चोर म्हणवून घेऊन त्या घरात राहणार नाही."

मला फार वाईट वाटलं. मी तिला पाणी देणार एवढ्यात पडदा सरकला. हे बाहेर आले, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन गुंठे जमीन चोरीला गेली आहे. केस मी घेतली."

तिने केस दिली नव्हती. पण यांना ते कधी आड येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुंगार्लीला गेलो. यांचं म्हणणं, शोधक जातो तो वेषांतर करूनच. म्हणून त्यांनी लग्नातला सफारी घातला, काखेत फाईल घेतली, कानामागे पेन ठेवलं आणि कारखान्याचं जुनं आयकार्ड उलटं करून गळ्यात अडकवलं. कुठल्याही ऑफिसचं नाव सांगितलं नाही, पण माणूस बघितल्यावर कुणीही पाण्याचं बिल शोधायला लागावं असा अवतार झाला. मोजायला टेप हवी म्हणून माझ्या गळ्यातली काढून घेतली. माझी टेप साठ इंची. तिने प्लॉट मोजणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. यशोधराला त्यांनी बजावून ठेवलं, की आबांसमोर आमची ओळख फोडायची नाही.

आबा व्हरांड्यात बसले होते. जय भीम म्हणून त्यांनी हात जोडले, मग त्यांची नजर टेपवर गेली आणि चेहरा एकदम बंद झाला. हे घसा साफ करून म्हणाले, प्लॉटची हद्द दाखवा. घरामागे थोडं अंगण, अंगणाच्या कडेला भलामोठा फणस, आणि त्याच्या पलीकडे घाणेरीचं माजलेलं रान. तिकडे कुंपण नव्हतंच.

"फणसापातुर आपलं," आबा म्हणाले. "पल्याडचं कुनाचं हाय ते आपल्याला ठावं न्हाई."

यशोधरा माझ्या शेजारीच उभी होती. तिचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं, पहिली नोकरी लागली ती मुंबईला, आणि आता दिवसभर दवाखान्यात, त्यामुळे हद्द वडील सांगतील ती. तिने मान डोलावली. यांनीही डोलावली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, घरातल्या ज्येष्ठ माणसावर संशय घ्यायचा नसतो, तो शोधशास्त्राचा पहिला नियम आहे. मी विचारलं, दुसरा कोणता. ते म्हणाले, सहायकाने पहिल्या नियमावर शंका घ्यायची नाही.

मग मोजणी सुरू झाली. साठ इंच झाले की ते खडूने खूण करायचे, माझाच खडू, आणि आकडा तोंडाने म्हणत पुढे सरकायचे. अर्ध्यावर गेले की आबा विचारायचे, च्या घ्येनार का. आकडा विसरला जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक म्हणजे जागेवर खरोखर चार गुंठ्यांच्या आसपासच जमीन होती. दुसरी म्हणजे चहात आलं होतं.

पहिला सिद्धांत घरी जाताना रिक्षातच तयार झाला. जमीन पावसाने नेली. तुंगार्लीचा पाऊस काय साधा असतो का, दर वर्षी थोडी थोडी माती उतारावरून ओढ्यात आणि ओढ्यातून खाली, असं करत दोन गुंठे वाहून गेले. मी म्हटलं, माती जाते, पण जागा कशी जाईल. वरची माती गेली तरी खाली काहीतरी उरतंच. त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाले, तू शिवणकाम कर.

दोन दिवसांनी फेरतपासणीला गेले, तेव्हा यांनी मागच्या पाण्याच्या टाकीपासून मोजायला सुरुवात केली. आबा म्हणाले, ती टाकी भिकाजीची, आमी नुसतं पानी वापरतो. त्यानंतरच्या खेपेला व्हरांड्याबद्दल विचारलं. पंधरा-वीस वर्षांचा सिमेंटचा व्हरांडा, त्यात आबांची खुर्ची, तुळशीची कुंडी, चपलांचं फडताळ. आबा म्हणाले, "त्यो तात्पुरता हाय."

हे घरी आले ते धापा टाकत. जमीन दर खेपेला कमी होतेय, म्हणाले. चार गुंठ्यांवरून आता साडेतीनवर आली. चोर अजून तुंगार्लीतच आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत काम करतोय. असा निर्ढावलेला गुन्हेगार गेटवरच्या सबंध नोकरीत बघितला नाही, असंही म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं.

इकडे माझी पंचाईत वेगळीच. टेप यांच्याकडे असल्यामुळे मी गिऱ्हाइकांची मापं दोऱ्याने घेत होते. शालूबाईंचा ब्लाऊज असा काही झाला, की त्या घालून आल्या आणि बोलताना श्वास घ्यायला मध्ये मध्ये थांबत होत्या. त्यामुळे नक्की किती रागावल्यात ते मला कळायला वेळ लागला. मी यांना म्हटलं, नवी टेप आणा. ते म्हणाले, पुरावा बदलता येत नाही.

मग त्यांनी दबा धरायचं ठरवलं. चोर जमीन न्यायला येणार तो मागच्या बाजूने, म्हणून सकाळी सकाळी फणसापलीकडच्या घाणेरीत जाऊन बसले. पॉइंटवर दुर्बीण भाड्याने देणाऱ्या ओळखीच्या पोराकडून दुर्बीण आणली होती, ती लावून दिवसभर घराकडे बघत राहिले. संध्याकाळी परत आले तेव्हा हातापायांवर ओरखडे, मानेवर गांधी आणि सफारीला घाणेरीचा वास. मी खोबरेल लावत होते आणि ते हकीकत सांगत होते.

"चोर आला नाही. मीच पकडला जाणार होतो. म्हातारा काठी घेऊन आला आणि ओरडला, आमच्या जाग्यात कोन शिरलंय. मी पळालो. बिचाऱ्याला वयामुळे आपलं-परकं कळत नाही हल्ली."

मी विचारलं, तुम्ही मागे वळून बघितलंत का, त्या रानात काय आहे. ते म्हणाले, शोधकाची नजर सावजावर असते, तो मागे बघत नाही. माझं बोट खोबरेलाच्या बाटलीत तसंच राहिलं. काहीतरी खटकलं होतं खरं, पण काय ते कळेना, आणि मशीनवर शालूबाईंचा ब्लाऊज उसवायचा पडला होता.

आता सिद्धांत फुटकुळ्यांसारखे उठायला लागले. मागच्या बाजूला मुंबईच्या कुणाचा तरी बंगला आहे, पोहण्याच्या टाकीचा. त्या टाकीने जमीन गिळली, हा दुसरा. त्या टाकीचं माप काढायला गेले आणि पाण्यात पडले, म्हणून तिसरा सुचला. तिसरा सगळ्यात पक्का. भिकाजीकाका. ज्याची जमीन पूर्ण भरते तोच चोर, कारण ज्याची चोरली गेली त्याची कमी भरते. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की मला दोनदा लिहून घ्यायला लावलं. शिवाय त्यांनी हिशेबही मांडला, चार गुंठ्यांना एवढी किंमत, तर सहा गुंठ्यांना दीडपट. म्हणजे विक्कीला अमुक इतका जास्त वाटा. रविवारी सकाळी सगळ्यांना आबांच्या घरी बोलावून गुन्हेगाराला उघडा पाडायचा, असं ठरवून त्यांनी भिकाजीकाकांना निरोपही धाडला. निरोपात लिहिलं, चहाला या.

शनिवारी दुपारी मी यशोधराचा शिवलेला ड्रेस द्यायला तुंगार्लीला गेले. हे टेप घेऊन भिकाजीकाकांची मागची बाजू मोजत होते, म्हणजे माझा गळा मोकळा होता. यशोधरा दवाखान्यातून यायची होती. टेप दिसत नाही म्हटल्यावर आबांनी मला बसवलं, गावची चौकशी केली, वडिवळ्याची म्हटल्यावर एकदम खुलले. त्यांची आत्या वडिवळ्याला दिलेली. माझी बोली ऐकून तेही मोकळे बोलायला लागले. मी म्हटलं, आबा, कढीपत्त्याचा वास कुटनं येतोय, लय छान येतोय.

"चल, देतो तोडून," म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

फणस ओलांडला. घाणेरीतून एक वाट होती, बाहेरून दिसणार नाही अशी, पण पायाखालची, रोजच्या जाण्यायेण्याने चोपलेली. आम्ही आत गेलो आणि मी बघतच राहिले. आत स्वच्छ मोकळी जागा. हळदीचे वाफे, पानं कमरेएवढी झालेली. कढीपत्त्याचं झाड, शेवगा, आळूची गर्दी, पलीकडे उतार आणि खाली ओढ्याचा आवाज. मध्ये रेल्वेच्या रुळांखालचा जुना लाकडी स्लीपर दोन दगडांवर टाकून बसायला केलेलं. आबा त्यावर बसले, एका कडेला, दुसरी कडा मोकळी ठेवून. हिरा हितं बसायची, म्हणाले, म्हणजे यशोधराची आई. दोघं संध्याकाळी इथंच असायची.

मी विचारलं, आबा, ही जागा कुनाची.

"कुनाची म्हंजी? आपलीच की. त्यो बग हद्दीचा दगुड, ओढ्याच्या अंगाला."

"मग आमच्या ह्यांना सांगितलंत, फणसापातुरच आपलं."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच कीव आली.

"टेपवाल्याला कुनी खरं सांगतं व्हय, पोरी? घरपट्टी वाडती न्हवं."

मग सगळा उलगडा झाला. घर बांधल्यावर पहिल्यांदा घरपट्टीवाला माणूस मोजायला आला, तेव्हा हिराबाईंनी आबांना सांगून ठेवलं होतं, टेप दिसली की फणसाच्या पल्याड बोट करायचं नाही. तेव्हापासून आबांनी कधी केलं नाही. व्हॅल्युअर आली तेव्हा घरी एकटे आबाच होते. मुलांनी बँकेचा माणूस येणार म्हणून सांगितलं होतं, पण आली ती मुलगी आणि तिच्या हातात टेप, म्हणजे घरपट्टीच. त्यानंतर आमचे हे, सफारी घालून, फाईल घेऊन, आयकार्ड लटकवून आले. आबांच्या लेखी एकाच महिन्यात दुसऱ्यांदा घरपट्टीवाले. मग त्यांनी टाकी दिली, व्हरांडा दिला. अजून एक खेप झाली असती तर स्वयंपाकघर भिकाजीकाकांचं झालं असतं.

मी कढीपत्ता पदरात घेतला आणि हसावं की रडावं ते मला कळेना. टाकव्यापासून तुंगार्लीपर्यंत असं एक घर सापडायचं नाही, जिथे टेप दिसल्यावर पडवी, मोरी, गोठा असं एकेक करून घर आकसत नाही. माझ्या वडिलांनी एकदा अख्खा माळा नाकारला होता, आणि माणूस खाली उभा असताना मी वर होते. आमच्या ह्यांच्या घरी टाकव्यालाही हेच चालतं. पण वेषांतर यांचं इतकं हुबेहूब होतं, की त्यात ते स्वतःलाच सापडले.

यशोधरा आल्यावर मी तिला त्या वाटेने आत नेलं. आबांना मुद्दाम व्हरांड्यात ठेवलं. तिने हळदीच्या पानांवरून हात फिरवला आणि स्लीपरपाशी जाऊन उभी राहिली. मला जे सांगायचं होतं ते तिच्या आधीच लक्षात आलं होतं. जमीन सापडली म्हणजे घराची किंमत वाढणार, आणि तिला भावाला जास्त द्यावं लागणार. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. मी तर ब्लाऊज शिवणारी बाई, आणि सहायक असले तरी साहेब माझं ऐकत नाहीत.

तिने फोन काढला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. तिने लगेच पुन्हा लावला.

"विक्की, जागा सापडली. सहाच्या सहा गुंठे आहेत. तुझा वाटा वाढलाय. उद्या ये आणि स्वतः बघ."

मग मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने त्याने विचारलं, "आबा बरे आहेत ना?"

ती हो म्हणाली आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग नाक पुसून तिने व्हॅल्युअरला फोन लावला, सृष्टी मॅडमना, आणि उद्या पुन्हा मोजायला या म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. जेवताना म्हटलं, ते फणसापलीकडचं. ते म्हणाले, उद्या. अंथरूण घालताना म्हटलं, आबांनीच. ते म्हणाले, शेवटच्या प्रकरणात सहायकाने मध्ये बोलायचं नसतं, रंग जातो. मग आरशासमोर उभे राहून भिकाजीकाकांकडे बोट कसं दाखवायचं याचा सराव करायला लागले. मीही म्हटलं, असू दे. एवढी तालीम केलीय तर होऊ दे प्रयोग.

रविवारी सकाळी आबांच्या 'तात्पुरत्या' व्हरांड्यात सगळे जमले. भिकाजीकाका चहाच्या आशेने आले होते. विक्की मोटारसायकल लावून पायरीपाशीच उभा राहिला, आत आला नाही. यशोधरा दारात. आबा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते आणि दोघांच्या मध्ये एवढी जागा का आहे ते त्यांना कळत नव्हतं. सृष्टी मॅडम, तिशीची, पायात बूट, हातात चांगली लांब पोलादी टेप, एका खुर्चीत बसून घड्याळ बघत होत्या. आबांनी ती टेप बघितली आणि ओठ घट्ट मिटले.

हे मधोमध आले. पावसापासून सुरुवात केली आणि पावसाला निर्दोष सोडलं. पोहण्याच्या टाकीला संशयाचा फायदा दिला. मग गर्रकन वळून भिकाजीकाकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ज्याची जमीन पूर्ण भरते तोच चोर. भिकाजीकाकांच्या हातातला चहा बशीत सांडला. ते म्हणाले, माजी जमीन माझ्याच जाग्यात भरती, मी काय करू.

"दोन गुंठे कुठे लपवलेत?"

यशोधरा पायरीवर आली. "कुणी लपवलेले नाहीत, साहेब. फणसापलीकडे आहेत. तुम्ही सबंध दिवस त्यांच्यावरच बसला होता."

असा शुकशुकाट मी आमच्या ऑफिसातसुद्धा कधी ऐकला नव्हता. यांनी बोट खाली घेतलं, मग त्याचं काय करायचं ते न सुचून कानामागचं पेन नीट केलं. यशोधराने सगळं सांगितलं, विक्कीकडे बघत. आबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. माझ्यापायी पोरं बोलंना झाली व्हय, एवढंच ते म्हणाले आणि काठीच्या मुठीकडे बघत बसले. भिकाजीकाकांना मात्र आता जोर आला. गेल्या वर्षी माझं घर मोजलं तेव्हा मी टाकव्याला लग्नाला गेलतो, म्हणून सुनेने सगळं दाखवून टाकलं, म्हणाले. मी घरी असतो तर माझंबी चारच भरलं असतं. जोडीची घरं, जोडीनं कमी भरली असती, मग कुठलं आलंय भांडण.

यांनी घसा साफ केला. "मला पहिल्यापासून संशय होताच," म्हणाले. सगळे निघाले तेव्हा मी त्यांच्या सफारीची कॉलर मागून नीट केली.

आम्ही सगळे वाटेने आत गेलो. आबांना यशोधराने सांगितलं, आता सगळं खरं दाखवा, ही घरपट्टी नाही. आबांनी ते इतकं मनावर घेतलं, की ओढाही आपलाच म्हणाले आणि पोहण्याच्या टाकीचा अलीकडचा काठही जुन्या हिशेबाने आपल्याकडेच येतो म्हणाले. शेवटी सृष्टी मॅडमनी पाला बाजूला करून हद्दीचा दगड शोधला आणि तिथवरच धरायचं ठरवलं. यांनी फाईल उघडून आपला दीडपटीचा हिशेब त्यांच्या पुढे केला. मॅडमनी तो वाचला आणि शांतपणे समजावलं. जमीन दीडपट झाली म्हणून किंमत दीडपट होत नाही. घर पुढे, रस्ता पुढे, त्या जमिनीला खरा भाव. मागे उतार, ओढ्याला लागून बांधता येणार नाही, जायला वाट नाही. या दोन गुंठ्यांनी किंमत वाढेल, पण पुढच्या दोन गुंठ्यांना जो भाव आहे त्याच्या निम्म्यानेही नाही.

मला ते लगेच पटलं. ब्लाऊजला मीटरभर कापड लागतं. कुणी अडीच मीटर आणून दिलं म्हणून ब्लाऊज अडीचपट होत नाही. उरलेलं कापड चांगलंच असतं, पण त्याची उशीची खोळ होते. मी तसं म्हटल्यावर मॅडम हसल्या. हे मात्र हिशेबाचा कागद घडी घालून खिशात ठेवत होते.

विक्की एवढा वेळ हळदीच्या वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने एक पान चुरगाळून हुंगलं. "आई दर वर्षी डबा भरून हळद द्यायची," तो म्हणाला. "मी समजायचो गावाहून येते." मग तो स्लीपरकडे बघत राहिला, जिथे आबा पुन्हा एका कडेला जाऊन बसले होते. सृष्टी मॅडमनी टेपचं एक टोक बाहेर काढलं आणि ते कुणीतरी धरावं म्हणून पुढे केलं. विक्की उठला, पण त्याने टोक धरलं नाही.

"मॅडम, हे मोजू नका. याचा वाटा मला नको."

"नको म्हणजे?" यशोधरा म्हणाली. "मोजायचं. सगळं मोजायचं."

"ताई, आईची जागा आहे ही."

"मग मी काय फुकट घेऊ आईची जागा? उद्या म्हणशील, ताईने हळदसुद्धा दाबली."

"मी कशाला म्हणेन?"

"तू आत्तापर्यंत काय म्हणत होतास?"

"चुकलं म्हणतोय ना मी."

"कधी म्हणालास? मला ऐकू नाही आलं."

तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, आणि लगेच त्याहून मोठ्याने म्हणाला, की तरी पैसे घेणार नाही. ती म्हणाली, घ्यावेच लागतील. तो म्हणाला, लहानपणापासून तुझं हेच. ती म्हणाली, लहानपणाचं काढू नकोस, मीही काढेन. दोघांनी काढलं. सायकल निघाली, कुणी कुणाची पाटी फोडली ते निघालं, सृष्टी मॅडम टेपचं टोक हातात घेऊन कधी इकडे कधी तिकडे बघत होत्या. आमच्या ह्यांना राहवेना. शांतता राखा म्हणायला ते हात वर करून पुढे झाले, तेवढ्यात आबांनी त्यांची बाही धरून त्यांना स्लीपरच्या मोकळ्या कडेवर बसवलं.

"बसा, साहेब. भांडू द्या त्येंस्नी," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "बोलाय लागली न्हवं."